गादीवाली

माझ्या नणंदेबद्दल चार चांगले शब्द ऐकायचे असतील तर दुसऱ्या कुणाला तरी गाठा. मी तिच्यासोबत एका घरात राहते आणि हॉस्पिटलच्या एकाच वॉर्डात नोकरी करते, त्यामुळे मला सुटका अशी नाहीच. लोकांच्या नणंदा चार दिवस माहेरपणाला येतात, लाड करून घेतात आणि जातात. माझी कायमची आलेली, आणि वर हुद्द्यानं माझ्यापेक्षा मोठी. सकाळी घरात भाजीत मीठ कमी पडलं म्हणून बोलायचं आणि दुपारी वॉर्डात चादरीला सुरकुती दिसली म्हणून बोलायचं, अशा दोन पाळ्यांत तिचं तोंड चालतं.

तोंडावर तिला सगळ्या नर्स 'ताई' म्हणतात. पाठ वळली की 'गादीवाली'. ड्यूटीवर आली की तिचं पहिलं काम गाद्या. पेशंट झोपलेला असो, जेवत असो, नाहीतर डॉक्टर तपासत असोत, ही हातात लांब चिमटा घेऊन प्रत्येक खाटेच्या कडेकडेनं तो गादीवरून फिरवत जाणार. उशीखाली, कठड्याजवळ, चादर दुमडलेली असते तिथं. एखादीनं वापरलेली सुई गादीत खोचून ठेवलेली सापडली की मग काही खरं नाही. ती सुई चिमट्यात धरून सगळ्या वॉर्डभर मिरवणार. "कुणाची ही? बोला ना, आता दातखीळ बसली का?" आणि जिची असेल तिचा चारचौघांत पाणउतारा करणार. एका नर्सनं तर तिच्यापायी बदली मागून घेतली.

सुई गादीत खोचू नये हे शिकाऊ मुलींनाही ठाऊक असतं, आणि तरी सगळ्या खोचतात. त्याचं कारण साधं आहे. सलाईन लावायची सुई म्हणजे आत सुई आणि तिच्यावर बसवलेली मऊ प्लास्टिकची नळी. शिरेत गेली, मागं रक्त दिसलं, की नळी पुढं सरकवायची आणि सुई मागं ओढून काढून घ्यायची. काढली की नळीतून रक्त येऊ लागतं, ते थांबवायला एक हात शिरेवर दाबून ठेवावा लागतो. दुसऱ्या हातात ती रक्ताळलेली सुई. मग सलाईन जोडायची कशानं? सुया टाकायचा डबा ट्रॉलीवर, ट्रॉली पायथ्याशी, आणि तिसरा हात देवानं दिलेला नाही. म्हणून सुई जवळच्या गादीत खोचायची, सलाईन जोडायची, पट्टी चिकटवायची आणि मग आठवणीनं सुई उचलायची. तेवढ्यात दोन पेशंटांनी हाका मारल्या आणि तिसऱ्याला उलटी झाली की ती आठवण कुठल्या कुठं जाते.

माझं लग्न व्हायच्या आधी, ती स्वतः नवी नवरी असताना, अशीच कुणीतरी विसरलेली सुई तिला लागली. रिकाम्या झालेल्या खाटेची चादर ओढताना थेट उजव्या तळहातात घुसली. आधीच्या पाळीतल्या कुणाचं तरी काम होतं, पण कुणी कबूल केलं नाही. त्या सुईतून तिला रक्तातून पसरणारी ती चिवट कावीळ लागली. नवऱ्यानं आधी पलंग वेगळा केला, सासूनं ताट वेगळं केलं, आणि मग दोघांनी मिळून 'बरी झाली की कळवा' म्हणत तिला माहेरी आणून सोडलं. पुढं चांगली औषधं आली, ती घेऊन आजार गेला. नवरा मात्र परत आला नाही. त्यानं तोवर दुसरा संसार थाटला होता.

वाईट झालं, मी कुठं नाही म्हणते? पण ज्याचं वाईट झालं तो माणूस आपोआप गोड होतो असं कुणी सांगितलं? ही कडू झाली आणि तो कडूपणा तिनं आमच्या घरात सगळ्यांना वाढला. मी लग्न होऊन आले तेव्हा तिनं मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "नर्स आहेस म्हणे. वापरलेल्या सुया कुठं टाकतेस?" सून आली आहे की आरोपी, हेच मला कळेना. नवऱ्यापाशी तक्रार केली तर तो म्हणायचा, "ताई तशीच आहे, सोड ना." मी सोडलं असतं हो, पण तिनं मला सोडायला हवं ना. सासूबाई मध्ये पडत नाहीत. त्या आम्हा दोघींच्या हातचं जेवतात आणि दोघींना नावं ठेवतात.

तर अशा बाईच्या हाती नवी सुई लागली. सुया विकणाऱ्या कंपनीचा एक टक्कल पडलेला गृहस्थ मोठी बॅग घेऊन वॉर्डात आला आणि त्यानं टेबलावर रबराचा हात मांडला. नव्या सुईच्या मुठीवर एक पांढरं बटण होतं. शिरेत नळी गेली की ते बटण दाबायचं; टक् असा आवाज होतो आणि सुई स्प्रिंगनं ओढली जाऊन मुठीच्या आत गडप होते. उघडी सुई कुणाच्या हातात उरतच नाही, म्हणजे खोचायचा प्रश्नच मिटला. त्यानं रबराच्या हाताला ती इतक्यांदा लावून दाखवली की शेवटी मी म्हटलं, "साहेब, रबराच्या हाताची शीर कधी पळते का? माझ्या पेशंटांच्या पळतात." सगळ्या हसल्या. नणंद हसली नाही. ती ते बटण पुन्हा पुन्हा दाबून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. खेळण्याच्या दुकानात शिरलेल्या पोरासारखी दिसत होती ती, आणि खरं सांगते, मला ते बघून राग आला.

मेट्रननं ठरवलं, काही आठवडे आपल्या वॉर्डात हीच सुई वापरायची, मग सगळ्या सिस्टरांचं मत घ्यायचं आणि ठेवायची की परत पाठवायची ते बघायचं. देखरेख नणंदेकडे दिली. आणि जाता जाता मेट्रन माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिचा हात वॉर्डात सगळ्यांत चांगला. हिला जमली तर सगळ्यांना जमेल. हिनं नको म्हटलं तर मी वरच्या साहेबांपाशी तोंड उघडणार नाही." नणंदेचा चेहरा खर्रकन उतरला. तिला आयुष्यात काही हवं असेल तर ती सुई हवी होती, आणि ती माझ्या मतावर येऊन अडली. मला गुदगुल्या झाल्या, ते कशाला लपवू?

आता त्या सुईची गोष्ट सांगते. नव्या मुलींना ती झटकन जमली, कारण त्यांच्या हाताला आधीची काही सवयच नव्हती. फजिती झाली ती आमच्यासारख्या जुन्यांची. शिरेत शिरताना माझा अंगठा मुठीवर जिथं टेकतो, नेमकं तिथंच त्या दीडशहाण्यांनी बटण ठेवलेलं. मी शीर हेरायची, सुई घालायची, मागं रक्त दिसायचं, आणि नळी सरकवायच्या आत अंगठा आपोआप दाबला जायचा. टक्. सुई मुठीत, नळी कातडीतच लोंबकळत, आणि पेशंट फुकटचा टोचलेला. ज्या बाईला लोक 'तुम्हीच लावा हो सिस्टर' म्हणून हाका मारायचे, तिला आता 'दुसऱ्या कुणाला बोलवा' म्हणू लागले. मग मी जुन्या सुया मूठभर एप्रनच्या खिशात ठेवायला लागले आणि नणंदेची पाठ वळली की त्याच वापरायला लागले.

ती काय मूर्ख आहे? तिनं ओळखलं. घरी जेवताना म्हणाली, "वहिनीसाहेबांचा अंगठा फार मोठा झालाय. उचलवत नाही."

"अंगठा बरोबर जागी आहे," मी म्हटलं. "बटण चुकीच्या जागी आहे."

"माणसं मरू देत, पण हिचा अंगठा हलायला नको."

"कोण मेलं हो, ताई? सुई फुकट गेली, एवढंच."

"फुकट काय काय जातं ते मला विचार."

सासूबाई भात कालवत म्हणाल्या, "दोघी गप्प बसा, नाहीतर ताटं घेऊन वॉर्डात जा." नवरा पाणी पिण्याच्या निमित्तानं उठून गेला. मत द्यायचा दिवस जवळ आला होता आणि माझं ठरलं होतं: सगळ्यांसमोर, कारणांसकट, 'नको' म्हणायचं. सुई वाईट म्हणून म्हणणार होते की तिला हवी म्हणून, ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

नेमक्या त्याच दिवशी सकाळी सासूबाईंना वॉर्डात आणलं. आदल्या दिवसापासून जुलाब-उलट्या चालू होत्या आणि म्हातारी 'मला काही झालं नाही' म्हणून कोपऱ्यात मुटकुळं करून पडून राहिलेली. आम्ही दोघी ड्यूटीवर निघून आल्यावर बाथरूमच्या दारात कोसळल्या, तेव्हा माझ्या नवऱ्यानं उचलून गाडीत घातलं. जीभ कोरडी ठाक, डोळे खोल गेलेले, रक्तदाब इतका खाली की डॉक्टरांनी यंत्र दोनदा तपासलं. "आधी सलाईन सुरू करा, लगेच," म्हणाले. पाणी निघून गेलं की शिराही आटतात. त्यांच्या दोन्ही हातांवर मिळून धड अशी एखादीच शीर दिसत होती.

आमच्यात एक रीत आहे. घरच्या माणसाला आपण टोचायचं नाही. हात कचरतो, आणि कचरलेला हात शीर फोडतो. पण तिसरी सिस्टर पेशंट घेऊन एक्स-रेला गेली होती, बाजूच्या वॉर्डात धावपळ चालली होती, आणि थांबायला वेळ नव्हता.

"मला नाही जमायचं, माझी आई आहे," नणंद डॉक्टरांना म्हणाली. मग माझ्याकडे मान उडवून, "हिला सांगा. हिची कोण लागते?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या म्हातारीचे केस मी विंचरते, गुडघ्याला तेल मी चोळते, हिच्या शिव्या रोज मी खाते, आणि माझी कोण लागते? डॉक्टर समोर नसते तर मी काय बोलले असते कोण जाणे. मी गुमान हातमोजे चढवले आणि सासूबाईंच्या हाताला वर पट्टा आवळला. नणंदेनं नव्या सुईचं पाकीट फोडून पुढं केलं. मी ते बघितलंच नाही असं केलं आणि खिशातून जुनी सुई काढली.

"ती नको," ती दात आवळून पुटपुटली.

"एकच शीर आहे, ताई. माझ्या अंगठ्याचा खेळ इथं करत बसू?"

"माझ्या आईच्या खाटेवर ती उघडी सुई नको म्हणते ना."

"मग तुम्हीच लावा."

उशीवरून सासूबाईंचा क्षीण आवाज आला. "तुमचं भांडण उरकलं की सांगा गं. मी आहे इथंच पडलेली."

मी वाकले. शीर बोटाखाली होती, बारीक पण होती. याहून वाईट शिरा मी बोलता बोलता पकडल्या आहेत. सुई टेकवली, आणि माझा हात थरथरला. हा हात कधी थरथरत नाही. मी श्वास धरला, तरी थरथरला. सासूबाईंनी 'आई गं' म्हटलं, रक्त दिसलं न दिसलं तोच शीर फुटली आणि हाताच्या पाठीवर निळी गाठ फुगून आली. मी सगळं बाहेर ओढलं, गाठीवर कापूस दाबला, दुसऱ्या हातानं पट्टा सोडवला, आणि तोंडानं 'झालं हं, झालं आई' म्हणत राहिले. दुसरी शीर कुठं मिळेल एवढंच माझ्या डोक्यात होतं.

समोर बघितलं तर नणंद पांढरीफटक पडली होती. माझ्याकडे बघत नव्हती, गादीकडे बघत होती. मी तिची नजर धरून खाली बघितलं. सासूबाईंच्या कोपराशेजारी गादीत रक्ताळलेली सुई उभी होती. मीच खोचली होती. केव्हा, ते मला आठवतसुद्धा नव्हतं.

आता ही वॉर्ड डोक्यावर घेणार म्हणून मी मान खाली घातली. पण ती ओरडली नाही. उजव्या हाताची मूठ आवळून तिनं तो पाठीमागं नेला होता, कुणी हिसकावून घेईल अशा धास्तीनं. तेवढ्यात सासूबाई कुशीवर वळायला म्हणून दुसऱ्या हातानं कठडा चाचपडू लागल्या आणि तो हात गादीवरून त्याच बाजूला सरकत आला. नणंदेनं झेप घेऊन आईचं मनगट पकडलं. इतकं घट्ट की पुढं कितीतरी दिवस तिथं बोटांचे वळ होते.

"काढ," ती म्हणाली. आवाज तिचा वाटेना. "काढ गं ती. माझ्यानं नाही व्हायचं."

रोज चिमट्यात सुया धरून मिरवणारी ही बाई. इतकी वर्षं मी तिला रागावलेली पाहिली, टोचून बोलताना पाहिली, अबोला धरून बसलेली पाहिली. घाबरलेली पाहिली नव्हती. तो सगळा थाट या भीतीवर उभा होता हे मला कधी सुचलं नव्हतं, आणि सुचायला हवं होतं, कारण एका छताखाली राहत होतो आम्ही. मी सुई उपटली, पायथ्याशी जाऊन डब्यात टाकली.

तिनं न बोलता नव्या सुईचं पाकीट पुन्हा पुढं केलं. मी घेतलं. दुसऱ्या हाताला, कोपराच्या जरा खाली, खोलवर एक शीर लागली.

"अंगठा," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे तर वर धर."

शिकाऊ पोरीसारखा अंगठा वर धरून, दोन बोटांत ती मूठ पकडून मी सुई आत घातली. रक्त दिसलं. नळी सरकवली, हळूहळू, पूर्ण. तोवर ती माझ्या अंगठ्यावरून नजर हलवत नव्हती. "आता," ती म्हणाली, आणि मी बटण दाबलं. टक्. ती रिकामी मूठ मी तिथंच खाटेवर टाकली आणि दोन्ही हातांनी सलाईन जोडली. नणंदेनं पट्टी चिकटवली. बाटलीतलं पाणी थेंब थेंब उतरायला लागलं तेव्हा सासूबाईंनी एक डोळा उघडला.

"लागली का एकदाची? दोघी मिळून एक सुई लावता, आणि पगार मात्र दोन घेता."

दुपारपर्यंत त्यांचा रक्तदाब वर आला आणि त्यांनी शेजारच्या पेशंटला आमच्या दोघींबद्दल सांगायला सुरुवात केली. म्हणजे आता काळजी नव्हती.

मत द्यायला आम्ही सगळ्या मेट्रनच्या खोलीत जमलो. कंपनीचा तो गृहस्थ रबराचा हात मांडीवर घेऊन बसला होता. नव्या मुली 'छान आहे' म्हणाल्या, जुन्या एकमेकींकडे बघत बसल्या, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे माना वळवल्या. नणंद खिडकीबाहेर बघत होती. नकारच येणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

"बटणाची जागा चुकलेली आहे," मी म्हटलं. "जुन्या हातांना त्रास होतो, सुया फुकट जातात, पेशंट दोनदा टोचले जातात. हे सगळं खरं आहे. तुमच्या कारखान्यात जाऊन सांगा." त्या गृहस्थानं मान हलवली. "आणि तरी ठेवा."

"का गं?" मेट्रननं विचारलं.

"आज सकाळी मी वापरलेली सुई गादीत खोचली. खोचली हे मला कळलंही नाही. खाटेवर माझी सासू होती."

माझे कान तापले होते. नणंदेनं खिडकीवरून नजर काढली आणि मला वाटलं, आता तरी ही एखादा बरा शब्द बोलेल. ती म्हणाली, "इतकी वर्षं मी हेच घसा फोडून सांगत होते, तेव्हा कान कुठं गहाण टाकले होते?" मेट्रननं तिला गप्प केलं आणि सुया ठेवायचं ठरलं.

बाहेर पडल्यावर आम्ही दोघी सासूबाईंच्या खाटेकडे निघालो. माझं डोकं अजून तापलेलंच होतं. एवढं सगळ्यांसमोर नाक कापून घेतलं आणि वर हिचं बोलणं ऐकून घ्यायचं. पाण्याच्या नळापाशी ती थांबली. उजवा तळहात उघडून तिनं त्याच्याकडे बघितलं. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

"मला लागली ती सुई तू खोचली असतीस तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

मी चमकले. "तेव्हा मी या वॉर्डातही नव्हते आणि तुमच्या घरातही नव्हते. उगाच काहीतरी माझ्या माथी मारू नका."

"तेच म्हणतेय. कुणाची ते कळलं असतं, तर त्या एकीला शिव्याशाप देऊन मी मोकळी झाले असते. कळलंच नाही ना. मग सगळ्यांवरच रागवावं लागलं."